चादरीमागच्या दोन गिटारी

पापडीला मी गेले होते कढीपत्त्याचं रोप आणायला. एव्हरशाईन सिटीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो आणि गॅलरीत काहीतरी हिरवं असावं असं नवऱ्याला एकाएकी वाटायला लागलं होतं. कुणीतरी सांगितलं, पापडीत एक काका आहेत, वाडीतली रोपं देतात. रविवारी सकाळी स्टेशनच्या पश्चिमेला उतरून एस.टी. पकडली, विचारत विचारत त्यांच्या फाटकाशी पोचले, तर आतून आवाज असा की कुणीतरी पत्र्यावर तांदूळ ओततंय. मग एकदम थांबायचं, लाकडावर टकटक व्हायची आणि परत तांदूळ.

ओटीवर साठीच्या पुढचे एक गृहस्थ बसले होते. अंगात बनियन, मांडीवर गिटार. उजव्या हाताची बोटं पंखा उघडावा तशी एकामागून एक तारांवर सुटत होती आणि मधूनच गिटारच्या पोटावर नखाने टिचकी बसत होती. गिटार म्हणजे गाण्यामागे हळूच वाजते ती, एवढीच माझी समजूत. ही तर भांडत होती.

"हे काय वाजवताय?" मी विचारलं. ते वाजवतच राहिले. आतून काकी बाहेर आल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा त्यांनी मान वर केली.

"फ्लॅमेंको," काका म्हणाले. "स्पेनचं. रोप कुठलं पाहिजे?"

काकांची सगळी नोकरी जहाजांवर, इंजिनरूममध्ये झाली होती. तिथे एक स्पॅनिश सोबती होता. पाळी संपली की तो झोपायच्या बंकवर बसून हेच वाजवायचा. काका वर्षानुवर्षं त्याच्यासमोर बसून शिकले. मी कढीपत्त्याचं रोप घेतलं, पैसे दिले, फाटकापर्यंत गेले आणि परत आले.

"मला शिकवाल?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. "उजव्या हाताची नखं वाढव. डाव्या हाताची काप. मग ये."

रोप पंधरवड्यात वाळलं. नखं मात्र वाढली.

मी तेव्हा सातिवलीच्या एका कारखान्यात तपासनीस होते. आमच्याकडे गॅसच्या शेगडीचे व्हॉल्व्ह बनत. व्हॉल्व्हमध्ये हवा भरायची, पाण्यात बुडवायचा, बुडबुडे आले तर बाजूला टाकायचा. कामाला नखांचा अडथळा नव्हता, पण एका हाताला लांब आणि दुसऱ्या हाताला कापलेली नखं बघून पॅकिंगच्या बायका मला विचारायच्या, "मॅडम, दुसऱ्या हाताचा मुहूर्त कधी?" घरी कणीक मळताना नखांत पीठ अडकायचं. शेवटी कणीक मळायचं काम नवऱ्याकडे गेलं. त्याने ते कुरकुर न करता घेतलं, फक्त कणकेचा गोळा परातीत आपटताना जरा जोरात आपटायचा.

काकांनी मला त्यांची एक जुनी गिटार वापरायला दिली होती. तिच्यावर मी दोन-अडीच वर्षं शिकले. मग एका मे महिन्यात उकाड्याने तिचा गोंद सुटला. तारा जिथे बांधतात ती लाकडी पट्टीच पोटापासून उचकटून आली. काकांनी ती हातात घेऊन उलटसुलट केली आणि म्हणाले, "हिचं झालं. आता तू स्वतःची घे."

आणि इथून पुढे मला गिटारपेक्षा सल्लेच जास्त मिळाले.

पहिला सल्ला आमच्या खालच्या मजल्यावरून आला. तिथे एक गृहस्थ राहायचे, लग्नाच्या आणि गणपतीच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. जिन्यात भेटले की त्यांच्या बोलण्याला अंत नसे. "वहिनी, स्टीलच्या ताराच घ्या. नायलॉनला दम नाही. आणि पिकअपवाली घ्या, स्पीकरला जोडता येते ती, उद्या प्रोग्राम करायचा म्हटलं तर काय करणार?" मी म्हटलं, मला प्रोग्राम नाही करायचा. तर म्हणाले, "सगळे आधी तेच म्हणतात."

दुसरा सल्ला पापडीच्या बाईंचा. त्या शाळेत शिकवायच्या आणि चर्चमधला गायनवृंद सांभाळायच्या. मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनेत, गिटार त्याच वाजवत. काकांच्या शेजारीच राहायच्या, त्यामुळे माझा रियाज त्यांना इच्छा नसताना ऐकावा लागायचा. त्यांनी मला कुंपणाशी गाठलं. "हे बघ, स्वर लांब टिकला पाहिजे. एकदा तार छेडली की एक ओळ गाऊन होईपर्यंत तो राहिला पाहिजे. जिचा स्वर लगेच मरतो ती गिटार घेऊ नकोस."

मुंबईच्या एका दुकानात गेले तर तिथल्या विक्रेत्याने मला नखशिखांत बघून एक छोटी निळी गिटार पुढे केली. "मॅडम, ही लेडीजसाठी." फ्लॅमेंको म्हटल्यावर तो म्हणाला, "हिच्यावर सगळं वाजतं."

प्रत्येक जण अगदी खात्रीने बोलायचा. मी घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगायचे आणि प्रत्येक वेळी त्या दिवशी भेटलेल्या माणसाचंच मला पटलेलं असायचं. "तू उद्या कुणाला भेटणार आहेस ते आधी सांग," नवरा म्हणाला, "म्हणजे मला मत बनवायला सोपं जाईल."

तेवढ्यात पाचूबंदरचा एक मुलगा सुट्टीवर घरी आला. मुलगा म्हणजे तिशीचा बाप्या. काकांच्या ओळखीनेच जहाजावर लागला होता. काकांनी त्याला मागेच सांगून ठेवलं होतं, स्पेनच्या बंदराला लागलास तर एक बरी गिटार बघ. त्याला गिटारमधलं काही कळत नव्हतं, म्हणून त्याने दोन आणल्या.

"कोनती पन घ्या," त्याने ओटीवर दोन्ही पेट्या ठेवत सांगितलं. "उरेल ती मी दुसऱ्या कोनाला देईन. मी हाय अजून महिनाभर."

दोन्हींची किंमत जवळजवळ सारखीच होती, त्यामुळे तो प्रश्न उरला नाही. एक होती शिसवीची: गडद, लालसर, पॉलिश असं की तोंड दिसावं. दुसरी सायप्रसच्या लाकडाची. फिकट पिवळी, उचलली तर आत काही आहे की नाही असं वाटण्याइतकी हलकी. तिला तारा पिळायला धातूच्या चाव्या नव्हत्या, तंबोऱ्याला असतात तशा लाकडी खुंट्या होत्या. खालच्या मजल्यावरच्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी ती माझ्या घरी पाहिली तेव्हा म्हणाले, "वहिनी, आंब्याच्या पेटीला तारा लावल्यासारखं दिसतंय हे."

मी दोन्ही गिटारी घरी आणून आलटूनपालटून वाजवल्या. फिकट गिटार माझ्या हाताला आवडली होती. तिच्या तारा दांडीला अगदी लगटून, बोट नुसतं ठेवलं तरी स्वर निघायचा. मधेच एखादी तार करकरायची, पण फ्लॅमेंकोत थोडी करकर चालते हे काकांनीच सांगितलं होतं, त्यामुळे मी प्रत्येक करकरीला तेच कारण देऊन मोकळी होत होते. पण काका म्हणाले, "शिसवीची घे. दम बघ हिचा." बाई म्हणाल्या, शिसवीची. ऑर्केस्ट्रावाले म्हणाले, अर्थातच शिसवीची. तीन वाजवणारे एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला अडीच वर्षं शिकलेली मी.

कारखान्यात असं झालं की आम्ही काय करायचो? दोन ठिकाणांहून पितळ यायचं. एका पुरवठादाराचं नाव मोठं होतं, त्यामुळे त्याचा माल सगळ्यांना आधीच चांगला दिसायचा. म्हणून तपासायच्या आधी आम्ही खुणा झाकून टाकायचो. कुठला व्हॉल्व्ह कुणाचा हे माहीत नसलं की बुडबुडे नीट दिसतात.

मी काकींना फोन केला. "रविवारी तुमच्याकडे एक चादर टांगू का?"

मिस्सा आटोपून मंडळी काकांच्या ओटीवर जमली. बाई आल्या, पाचूबंदरचा तो खलाशी आला, आणि ऑर्केस्ट्रावाल्यांना मी आमच्याबरोबर एस.टी.त बसवून आणलं होतं. ओटीच्या दारात मी चादर बांधली. आत काका दोन्ही गिटारी घेऊन बसले. त्यांच्याजवळ नवरा, कुठली गिटार केव्हा द्यायची हे ठरवायला. त्याला सक्त ताकीद होती की खोकायचं नाही, हसायचं नाही. बाहेर आम्ही सगळे. काकींनी मैद्याच्या तळलेल्या फुग्यांची परात मधे ठेवली. तोंडात टाकायला गोल, फुगलेले, गरम फुगे होते, त्यामुळे परीक्षक मंडळी खुशीत होती.

काकांनी आधी एक संथ तुकडा वाजवला, दोन्हींवर.

"पहिली चांगली," बाई म्हणाल्या. "दुसरी कोरडी."

"पहिली," ऑर्केस्ट्रावाले म्हणाले. "ऐका ना दम. शिसव लपत नाही."

मलाही पहिलीच बरी वाटली. नवऱ्याने चादरीआडून हाक दिली, "पहिली शिसवीची होती." ऑर्केस्ट्रावाल्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला पाडण्यासाठीच ते सकाळी निघाले होते.

"परत," मी म्हटलं.

पुढच्या खेपेला बाईंनी पुन्हा बरोबर शिसवीची ओळखली. ऑर्केस्ट्रावाल्यांनी सायप्रसची निवडली आणि तीच शिसवीची आहे असं छातीठोक सांगितलं. तिसऱ्या खेपेला तेच. मग ते म्हणाले, चादर जाड आहे. बाई मात्र एकदाही चुकल्या नाहीत. दर वेळी एकच बोलायच्या: "हिचा स्वर टिकतो. हिचा लगेच मरतो."

मग मी आत ओरडून सांगितलं, "काका, आता ते तांदळाचं वाजवा."

काकांनी बोटं सोडली. आणि तेव्हा मला लख्ख कळलं. शिसवीच्या गिटारवर एका बोटाचा आवाज विरायच्या आत दुसरं बोट पडत होतं. सगळे स्वर एकमेकांत मिसळून गरगट होत होतं. सायप्रसवर प्रत्येक बोटाचा फटका वेगळा ऐकू येत होता. आवाज यायचा आणि जागा रिकामी करून निघून जायचा.

"ही दुसरी कोरडीच आहे," बाई म्हणाल्या. "पण या वाजवण्याला…" त्या थांबल्या. "मिस्सात ही चालायची नाही. पण मिस्सात हे वाजवणंही चालायचं नाही."

मी त्यांचा हातच धरला. गेले दोन महिने मी बाईंचा सल्ला घ्यायचा की सोडायचा याच घोळात होते. त्यांचा कान पक्का होता. फक्त त्यांना हवं होतं ते मला नको होतं. त्यांना जी गिटार मनापासून वाईट वाटेल, ती माझ्यासाठी बघायला हरकत नव्हती.

आता काकांची पाळी. शिसवीची घे असं त्यांनी सांगितलं होतं, आणि त्यांच्या शब्दाबाहेर जायचं तर त्यांनी स्वतः ऐकून बघावं असं मला वाटत होतं. मी आत गेले, ते बाहेर ओटीवर येऊन बसले. मी तांदळाचा तुकडा दोन्हींवर वाजवला, त्यांच्याइतका नाही पण बऱ्यापैकी.

"काका?"

"दोन्ही सारख्याच," ते म्हणाले.

मी परत वाजवलं. या वेळी ते म्हणाले, "पहिली… नाही, दुसरी." आवाजात नेहमीची खात्री नव्हती.

मी चादर बाजूला सारून पाहिलं. काका मान खाली घालून बसले होते. काकी त्यांच्या मागे उभ्या होत्या. त्या अगदी सरळ आवाजात म्हणाल्या, "त्यांना टेलिफोनची घंटा ऐकू येत नाही. चिमण्या तर कधीच गेल्या. इंजिनमध्ये इतकी वर्षं काढली, दुसरं काय होणार?"

खलाश्याने हातातला फुगा परत परातीत ठेवला.

"वरच्या तारा मला नीट ऐकू येत नाहीत," काका म्हणाले. "मांडीवर घेतली की लाकूड छातीला लागतं, त्यातून कळतं. शिसवीची छातीत घुमते. मला ती कळते. म्हणून तुला सांगितलं."

अडीच वर्षं मी त्या माणसासमोर बसले होते. माझा एखादा स्वर चुकला की ते कधी ऐकून नाही, माझ्या बोटांकडे बघून ओळखायचे, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, "मला फिकट घ्यावीशी वाटतेय."

"घे," ते म्हणाले आणि उठून वाडीत गेले.

तसं सगळं सुरळीत झालं म्हणावं, पण झालं नाही. काका रागावले. बोलायचे नीट, पण पुढचा महिनाभर त्यांनी मला नुसती बोटांची कवायत दिली: वर, खाली, वर, खाली, एकही नवा तुकडा नाही. मी निमूटपणे करत राहिले. शिष्याने गुरूचं ऐकलं नाही याचा तो राग होता, की सगळ्यांसमोर कानाची गोष्ट निघाली याचा, हे मी विचारलं नाही. मग एका रविवारी ते एकाएकी म्हणाले, "आण इकडे ती पेटी." त्यांनी फिकट गिटार मांडीवर घेतली आणि तासभर तीच वाजवत बसले. मी रिकाम्या हातांनी बसून राहिले. शेवटी ती माझ्याकडे देताना म्हणाले, "घुमत नाही. पण बोटं पळतात." पुढच्या रविवारी नवा तुकडा मिळाला.

पण त्या चादरीच्या दिवसाची सगळ्यात मोठी गंमत पुढेच होती. ऑर्केस्ट्रावाले परतीच्या एस.टी.त एक अक्षर बोलले नाहीत. घरी पोचलो, मी पेटी उघडून गिटार जेवणाच्या टेबलावर ठेवली, तर ते दारातून आत आले आणि न विचारता ती उचलली. एक डोळा मिटून, सुतार फळी बघतो तशी त्यांनी दांडी डोळ्यासमोर धरली.

"वहिनी, इकडे या. ही पट्टी बघा."

दांडीवर धातूच्या बारीक आडव्या पट्ट्या असतात, त्यांतली एक एका टोकाला केसभर वर आली होती. त्यांनी सांगितल्यावर मला दिसली, आधी दिसली नव्हती.

"तुमची तार करकरते ती फ्लॅमेंकोमुळे नाही. या पट्टीमुळे."

"पण काका म्हणाले थोडी करकर…"

"थोडी सगळीकडे असेल तर स्टाइल. एकाच जागी असेल तर बिघाड." ते खाली जाऊन एक छोटी हातोडी, लाकडाचा ठोकळा आणि फडकं घेऊन आले.

नवऱ्याने हातोडी पाहिली आणि "मी जरा दूध घेऊन येतो" म्हणून बाहेर पडला. घरात दूध होतं. मी टेबलाची कड धरून उभी राहिले. ज्या माणसाला सकाळी लागोपाठ दोनदा दोन गिटारींतला फरक ओळखता आला नव्हता, तो माझ्या नव्या गिटारवर हातोडी चालवणार होता. थांबा म्हणावं असं जिभेवर आलं. पण त्यांचे हात बघितले. दांडीखाली त्यांनी घडी केलेला टॉवेल इतका नीट बसवला, पट्टीवर फडकं, त्यावर ठोकळा, की मी गप्प राहिले. त्यांनी हलकेच ठोकलं. थांबले, डोळा मिटून पाहिलं. परत ठोकलं.

"वाजवा."

मी त्या जागी बोट ठेवून तार छेडली. स्वच्छ आवाज आला. एकही बुडबुडा नाही.

"पाऊस सरल्यावर मला परत दाखवा," ते म्हणाले. "लाकूड हलतं आपल्याकडच्या हवेत. आणि स्टीलच्या तारा लावू नका हिला, फाटेल." मग जिन्यात जाऊन वळून म्हणाले, "पिकअप मात्र बसवता येईल."

त्या दिवसापासून मी एक नियम केला. त्यांचं कानाचं काही ऐकायचं नाही आणि डोळ्याचं काही सोडायचं नाही.

शिसवीची गिटार खलाश्याकडे परत गेली ती आठवडाभरच. बाईंना तिच्या विचाराने झोप लागत नव्हती म्हणे. ज्या गिटारची परीक्षा घ्यायला त्या आल्या होत्या, तीच त्यांनी घेतली, आणि पुढच्या मिस्सात वाजवली. मी मुद्दाम ऐकायला गेले होते, मागच्या बाकावर बसले. पहिला स्वर छेडला आणि तो उंच छताखाली लांबच लांब पसरत गेला. त्यावर सगळ्या वृंदाने गायला सुरुवात केली. मला अगदी कबूल करावं लागलं, तिथे माझी पिवळी गिटार म्हणजे आंब्याची पेटीच ठरली असती.

लोकांसमोर मी पहिल्यांदा वाजवलं ते आमच्या सोसायटीच्या गणपतीत. ऑर्केस्ट्रावाल्यांनीच आग्रह केला, स्पीकरची व्यवस्था केली, माइक माझ्यापुढे स्वतः लावला. मुलांची नाटुकली, एकीचं भावगीत, मग मी. घामाने खुंट्या घसरत होत्या. काका आणि काकी पहिल्या रांगेत खुर्च्यांवर. मी तांदळाचा तुकडा धरला आणि बोटं पळाली. पळाली म्हणजे खरंच पळाली, एक जागा चुकले ती सोडून. शेवटची टिचकी गिटारच्या पोटावर मारून हात वर घेतला, आणि टाळीची वाट बघत थांबले.

सोसायटीचे सेक्रेटरी माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाले, "वहिनी, सूर लावून झाले असतील तर गाणं सुरू करूया का?"

मी पहिल्या रांगेत पाहिलं. काकींनी ते काकांना कानात ओरडून सांगितलं, आणि काका पोट धरून हसायला लागले. मग मीही. हसू आवरल्यावर मी सेक्रेटरींना म्हटलं, "हो, करूया," आणि तोच तुकडा पुन्हा पहिल्यापासून वाजवला. या खेपेला ती जागाही चुकली नाही.